पेठ रोडवरचं उदमांजर, आणि जंगलातून जाणारे रस्ते

रानवाट_नाशिक
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज राहवलं नाही म्हणून धागा काढतोय.

मागच्या शनिवारी पेठहून रात्री बाईकवर परत येत होतो, साडेनऊ झाले असतील, सावळघाट मागे पडला होता. पाऊस नुकताच थांबलेला, डांबरातून वाफ निघत होती. पुढे एक पिकअप होती तिच्याखाली काहीतरी आलं आणि ती थांबलीसुद्धा नाही. मी गाडी बाजूला लावून टॉर्च मारला तर उदमांजर. अंग अजून गरम होतं. तोंडाला उंबराचा लाल गर लागलेला आणि पोटाकडे बघितलं तर आचळं दुधाने भरलेली. म्हणजे आसपास कुठल्यातरी ढोलीत पिल्लं होती, आणि ही खाऊन त्यांच्याकडेच परत निघाली असणार.

तिला उचलून कडेला ठेवली आणि पिल्लांचा आवाज येतो का म्हणून तासभर थांबलो, काही ऐकू आलं नाही. सकाळी परत गेलो तेव्हाही नाही. पण सकाळच्या उजेडात एक गोष्ट दिसली ती डोक्यातून जात नाहीये. ती मेली तिथून शंभर-दीडशे पावलांवर रस्त्याखालून मोरी आहे, चांगली माणूस वाकून जाईल एवढी. आणि ती मोरी निम्म्याच्या वर गाळ, वेफरची पाकिटं, दारूच्या बाटल्या आणि रस्त्याचं काम करताना टाकलेल्या खडीने बुजलेली. खालून जायला वाट होती तिला, आपणच बंद केलेली.

नाशिकच्या आसपास सगळीकडे रस्ते मोठे होताहेत, कुंभमेळा तोंडावर आहे. जंगलातून रस्ता गेला की जनावरांचं नेमकं काय होतं, आणि आपल्यासारख्यांना काही करता येतं का, जाणकारांनी सांगा.

मेघा_सातपूर
वाचून पोटात कालवलं हो. पिल्लांचं काय झालं असेल...

पंचवटी_ट्रान्सपोर्ट
दादा मी सोळा वर्षं ट्रक चालवतोय, आमची बाजूही ऐका. रात्री मुद्दाम कोणी मारत नाही. हाय बीम डोळ्यावर आला की जनावर पळत नाही, जागच्या जागी थिजतं, ससा तर उलट लाईटच्याच पट्ट्यात पुढे पुढे पळत राहतो. लाईट डीपर करून हॉर्न न वाजवता गाडी हळू केली की बाजूला होतं, हे मला एका जुन्या ड्रायव्हरने शिकवलं आणि खरं आहे. चाळीसच्या स्पीडला गाडी थांबते, ऐंशीला लोड घेऊन नाही थांबत. आणि पहिल्यांदा रस्ता खराब होता तेव्हा कमी मरायची जनावरं, आता गुळगुळीत झालाय तर पाय आपोआप दाबला जातो. माल सकाळी पोचला नाही तर पैसे कापणारे मालक आहेत, त्यामुळे नुसतं ड्रायव्हरला सांगून भागणार नाही.

पावसाळ्यात घाटात बेडूक एवढे येतात की टायरखाली आवाज येतो. तो आवाज मला आवडत नाही, पण काय करू, रस्ताभर असतात.

सह्यवेडी
पंचवटी, तुम्ही जे लिहिलंय ना रस्ता गुळगुळीत झाला की जास्त मरतात, तेच महत्त्वाचं आहे. धागाकर्त्याने विचारलंय म्हणून जरा सविस्तर लिहिते, माझा अभ्यासाचा विषय आहे हा.

गाडीखाली मरणं हे रस्त्याचं डोळ्याला दिसणारं नुकसान. त्याच्या कितीतरी पट न दिसणारं असतं, आणि उष्ण कटिबंधातल्या जंगलात ते जास्त, कारण तिथले बरेच प्राणी आयुष्यभर सावलीत राहिलेले असतात. ॲमेझॉनमध्ये जंगलाच्या तळाशी राहणारे छोटे पक्षी आहेत, कीटक खाणारे, ते रस्त्यासाठी मोकळी केलेली पट्टी उडून पार करायलाही बिचकतात. पंख असून पलीकडे जात नाहीत! आपल्याला वाटतं दोन लेनचा रस्ता म्हणजे काय, त्याच्यासाठी तो समुद्र असतो. आसाममध्ये जोरहाटजवळ होलोंगापारचं अभयारण्य आहे, जेमतेम २१ चौरस किलोमीटर, हूलॉक गिबन या बिनशेपटीच्या, माकडासारख्या प्राण्यासाठी राखलेलं. त्याच्यामधून इंग्रजांच्या काळापासून रेल्वे लाईन गेलीय. गिबन जमिनीवर सहसा उतरत नाही, फांदीवरून फांदीवर जातो. रुळावरची झाडं गेली की पलीकडच्या तुकड्यातलं गिबनचं कुटुंब तिथेच अडकलं, ना लग्नाला जोडीदार मिळणार ना फळं संपल्यावर दुसरीकडे जाता येणार.

आणि रस्ता कधी एकटा येत नाही. ब्राझीलच्या रोन्डोनिया राज्यात १९८० च्या दशकात महामार्ग डांबरी केला, त्याला काटकोनात छोटे रस्ते फुटले, त्या रस्त्यांना शेतं आणि कुरणं फुटली, आज उपग्रहाच्या फोटोत माशाचा काटा पसरल्यासारखं दिसतं. २०१४ मध्ये एक अभ्यास आला होता त्यात ॲमेझॉनमधली जवळपास ९५ टक्के जंगलतोड रस्त्यापासून साडेपाच किलोमीटरच्या किंवा नदीपासून एक किलोमीटरच्या आत झालेली निघाली, आणि प्रत्येक एक किलोमीटर कायदेशीर रस्त्यामागे जवळजवळ तीन किलोमीटर बेकायदेशीर! म्हणजे कागदावर मंजूर होतो एक रस्ता, जंगलात जातात चार.

करंजाळीकर
सगळं वाचलं. आता माझं ऐका, रागाने नाही लिहीत पण मनापासून लिहितोय.

मी इकडचाच आहे, पेठ तालुक्यातला. आमच्या शेजारच्या पाड्यावर अजून रस्ता नाही. पाच वर्षांपूर्वी माझ्या चुलत भावजयीला कळा सुरू झाल्या तेव्हा श्रावणातली रात्र होती, बांबूला चादर बांधून डोली केली आणि आम्ही चौघं चिखलातून चाललो. ओढ्याला पाणी होतं छातीएवढं. दवाखान्यात पोचेपर्यंत बाळ गेलं होतं. तिला उचलताना माझा डावा खांदा सोलून निघाला होता त्याचा डाग अजून आहे. ॲमेझॉनची गोष्ट खरी असेल ताई, पण उद्या कोणी म्हणालं जंगल आहे म्हणून पाड्याला रस्ता नको, तर मी त्याच्यापुढे आडवा पडेन. जंगल आमच्या वाडवडिलांनी राखलं, देवराई आम्ही राखली, आणि रस्ता मागितला की नियम आम्हालाच.

उदमांजराचं वाईट मलाही वाटलं. आमच्याकडे त्याला कोणी मारत नाही.

मेघा_सातपूर
दादा 🙏

सह्यवेडी
करंजाळीकर दादा, तुमच्या भावजयीसाठी मनापासून वाईट वाटलं. तुम्ही म्हणता ते शंभर टक्के बरोबर आणि मी पाड्याच्या रस्त्याच्या विरोधात अजिबात नाहीये, हे आधीच लिहायला हवं होतं, चूक माझी.

पाड्याला जाणारा रस्ता आणि जंगल चिरून पलीकडच्या दोन शहरांना जोडणारा रस्ता, दोन्हीला आपण रस्ताच म्हणतो पण त्या वेगळ्या गोष्टी आहेत. पाड्याचा रस्ता अरुंद असतो, पाड्याशी संपतो, रात्री त्यावर चार गाड्याही नसतात. त्याच्यासाठी कायद्यात वाटही आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात कलम ३(२) आहे, शाळा, दवाखाना, रस्ता, पाण्याची टाकी अशा १३ सोयींसाठी प्रत्येकी एक हेक्टरच्या आतली वनजमीन देता येते, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि शिफारस ग्रामसभेची लागते. तुमच्या ग्रामसभेने हा ठराव केलाय का? नसेल तर कागद तयार करायला मी येते, खरंच.

आणि दुसरं टोक पण सांगते. काँगोच्या खोऱ्यात जंगली हत्तींना जीपीएस पट्टे लावून अभ्यास झाला होता, २००८ मध्ये छापून आला. २८ हत्तींपैकी अभयारण्याबाहेरचा रस्ता फक्त एकाने ओलांडला, आणि तोही नेहमीच्या १४ पट वेगाने, जीव मुठीत धरून. रस्त्याची भीती का, तर लाकडाच्या कंपन्यांच्या रस्त्यांवरूनच शिकारी येतात हे हत्तींना कळून चुकलंय. २००२ ते २०११ या काळात तिथले साठ टक्क्यांहून जास्त हत्ती संपले. त्या लाकडाच्या रस्त्याने तिथल्या एका तरी पाड्याला दवाखाना मिळाला असेल का?

करंजाळीकर
ठराव नाहीये ताई. आम्हाला सांगितलं होतं की फॉरेस्टची जमीन आहे, होणारच नाही, म्हणून कोणी कागदच केला नाही. व्यनि (खाजगी मेसेज) करतो.

निफाडचा_शेतकरी
रस्त्यावर चर्चा चाललीय पण जनावराला मारणाऱ्या दुसऱ्याही गोष्टी आहेत आपल्याकडे, त्या लिहितो. कठडा नसलेल्या विहिरी. आमच्या भागात ऊस झाल्यापासून बिबट्या उसातच राहतो, तिथेच पिल्लं घालतो, रात्री कुत्र्यामागे किंवा कोंबडीमागे धावला की सरळ विहिरीत. माझ्या चुलत्याच्या विहिरीत पडला होता, पहाटे मोटर चालू करायला गेलो तर खालून गुरगुर. मोटारीच्या पाईपाला पुढच्या दोन पायांनी मिठी मारून बसला होता, नखं पाईपात रुतलेली, थरथरत होता अक्षरशः. वनखात्याची माणसं येईपर्यंत आम्ही दोराने खाट सोडली, त्यावर चढून बसला आणि मान खाली घालून पडून राहिला. ज्याच्या भीतीने आम्ही पोरांना संध्याकाळी बाहेर सोडत नाही तो असा बघून मला काय वाटलं ते सांगता येत नाही.

त्याच महिन्यात आम्ही भावकीने मिळून तीन विहिरींना कठडे बांधले. शेततळ्याचा प्लॅस्टिक कागद तर अजून वाईट, घसरडा असतो, कोल्हा मुंगूस पडलं की वर येत नाही, पोहून पोहून मरतं. आम्ही एका कोपऱ्यात जुन्या टायरांची शिडी आणि काथ्याची दोरी सोडलीय. खर्च शून्य.

झाडपाला
वनस्पतीवाल्याचे दोन शब्द. रस्त्याच्या कडेने पहिल्यांदा ऊन आत शिरतं, मागून वारा, त्यामागून घाणेरी, रानमोडी आणि गाजरगवत. पेठ-सुरगाण्याकडच्या कुठल्याही जंगलरस्त्याला गाडीतून उतरून आत चालत जा, पहिले तीस-चाळीस पावलं नुसती घाणेरी लागेल, मग साग-ऐन सुरू होतो. उन्हाळ्यात हीच वाळलेली कड पेटते, कोणीतरी विडी टाकतो आणि वणवा आत जातो. ब्राझीलमध्ये मनाऊसजवळ १९७९ पासून जंगलाच्या तुकड्यांवर प्रयोग चाललाय, तिथे दिसलं की कडेपासून ३०० मीटरच्या आतले मोठे वृक्ष आतल्या जंगलापेक्षा जवळपास तिप्पट वेगाने मरतात. मोठा वृक्ष गेला की ढोली गेली, ढोली गेली की धनेश, घुबड, आणि हो, उदमांजर.

धागाकर्त्याने उंबराचा गर लिहिलाय तिथे मी थांबलो. उदमांजर फळ खातं आणि बी लांब नेऊन टाकतं, बिया त्याच्या पोटातून धडधाकट बाहेर येतात. ती मादी म्हणजे त्या डोंगराची माळीण होती असं समजा.

अजून एक, रुंदीकरणात आपण रस्त्याकडेचे जुने वड तोडतो तेव्हा नुसती सावली जात नाही. दोन्हीकडच्या वडांच्या फांद्या वर एकमेकांत गेलेल्या असतात, माकडं त्याच वाटेने रस्ता ओलांडतात. वड गेले की तीच माकडं डांबरावर उतरतात.

गोदाकाठ
माकडांवरून आठवलं, घाटात गाडी थांबवून वेफर केळी टाकणारे लोक! हात जोडून विनंती आहे की नका टाकू. ती रस्त्यावर बसायला शिकतात ती आपल्यामुळेच, आणि पिल्लू छातीला धरून गाड्यांच्या मधून पळतात.

सिडकोचा_सिव्हिल
इंजिनियर म्हणून लिहितो, कारण वीस वर्षं मी स्वतः मोऱ्या डिझाईन केल्यात आणि एकदाही डोक्यात आलं नाही की तिथून जनावरही जाईल. आम्ही फक्त पाण्याचा हिशोब करतो, एवढा पाऊस, एवढं पाणलोट, एवढा पाईप.

मागच्या काही वर्षांत यावर वाचलं तेव्हा कळलं किती छोट्या गोष्टी असतात. गोल पाईपापेक्षा चौकोनी बॉक्स बरा, कारण तळ सपाट मिळतो. पाणी वाहत असलं तरी एका बाजूने फूटभर उंचीचा कोरडा कट्टा दिला की मुंगूस, सायाळ, उदमांजर त्यावरून जातं. पलीकडचं तोंड दिसलं पाहिजे, अंधाऱ्या लांब भोकात जनावर शिरत नाही. आणि बाहेर पडतो तिथे पाण्याने माती खचून दोन-तीन फुटांची पायरी तयार होते, बेडूक-कासव-सायाळ तिथून वर चढूच शकत नाही, तिथे दगड रचून उतार करून द्यायचा. एवढंच! ड्रॉइंगवर असताना यातलं काहीच महाग नाही. रस्ता झाल्यावर मात्र तो फोडून बॉक्स घालायचा म्हणजे ट्रॅफिक वळवा, परत टेंडर काढा, मग कोणीच करत नाही. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१६ मध्ये रस्ते, रेल्वे, वीजवाहिन्या यांच्यासाठी सविस्तर मार्गदर्शिका काढलीय, पण माझ्या माहितीतल्या किती साईटवर ती उघडली गेली असं विचारलं तर मला मान खाली घालावी लागेल.

संशयी_आत्मा
पण हे अंडरपास वगैरे खरंच चालतात का? मला मनापासून शंका आहे. वाघ काय बोर्ड वाचून खालून जाणार? आणि खाली गावातली गुरं, कुत्री, दारू पिणारी टोळकी बसली तर?

नागपूरहून
चालतात, मी डोळ्यांनी बघितलेत. आमच्याकडे नागपूर-सिवनी रस्त्यावर, एनएच ४४, पेंचच्या जंगलातून चौपदरी करायचा होता. कोर्टात बरीच वर्षं भांडण चाललं तेव्हा कुठे महाराष्ट्राच्या हद्दीत ९ ठिकाणी रस्ता खांबांवर उचलला, सगळ्यात लांब तुकडा ७५० मीटरचा आहे. २०१९ मध्ये वन्यजीव संस्थेने खाली कॅमेरे लावले तर १८ जातींचे प्राणी जाताना सापडले, वाघ ८९ वेळा आणि ते ११ वेगवेगळे वाघ होते. वर ट्रक धावताहेत आणि खाली चितळ चरताहेत, उभं राहून बघितलं तर डोळ्यात पाणी येतं.

पण तुमची शंका चुकीची नाही. जागा चुकली की काही उपयोग नाही. जिथे जनावराची आधीपासूनची वाट आहे, नाला आहे, तिथेच द्यावा लागतो, कंत्राटदाराला सोयीचा पडेल तिथे नाही. आणि खाली माणसाचा वावर नको.

रात्री रस्ता बंद ठेवणं हाही उपाय आहे. कर्नाटकात बंदीपूरच्या जंगलातून उटी आणि वायनाडकडे जाणारे रस्ते २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतात, ॲम्ब्युलन्स आणि ठरावीक बस सोडून. २०१० मध्ये कर्नाटक हायकोर्टानेही ते कायम ठेवलं. ॲम्ब्युलन्स जाते हे करंजाळीकर भाऊंसाठी मुद्दाम लिहिलं.

सह्यवेडी
आणि झाडावरच्यांसाठी वरून पूल असतात. तमिळनाडूत वालपराईला चहाच्या मळ्यांमधून जाणाऱ्या रस्त्यावर सिंहपुच्छ माकडांसाठी झाडाला झाड जोडणारे पूल टांगलेत, ती वापरतात. ब्राझीलमध्ये रिओजवळच्या महामार्गावर २०२० मध्ये सोनेरी टॅमरिन माकडांसाठी अख्खा मातीचा पूल बांधून वर झाडं लावली. पूल एका दिवसात चालू होत नाही, झाडं मोठी व्हावी लागतात, म्हणून उशीर परवडत नाही.

समृद्धी महामार्गावरही भुयारी आणि वरचे मार्ग दिलेत, तानसा, काटेपूर्णा, कारंजा-सोहोळ अभयारण्यांच्या जवळून तो जातो. ते किती वापरात येतात याची पाहणी वर्षानुवर्षं चालू राहिली पाहिजे. फीत कापली की विषय संपला असं होऊ देऊ नका.

रिटायर्ड_वनपाल
उशिरा वाचला धागा. धागाकर्त्या, तुम्ही थांबलात आणि शोध घेतलात, आभार. पुढच्या वेळी कोणालाही असं काही दिसलं तर १९२६ वर फोन करा, वनखात्याची हॅलो फॉरेस्ट हेल्पलाईन आहे, फुकट आहे. जागा, वेळ, फोटो द्या. आपण नोंदवत नाही म्हणून कागदावर त्या घाटात काहीच मरत नाही, आणि रुंदीकरणाचा प्रस्ताव येतो तेव्हा त्यात लिहिलं जातं की वन्यप्राण्यांची वर्दळ नाही. नोकरीत असताना असे कागद माझ्या हातावरून गेलेत, त्याचं मला आजही लागतं.

जनावर कुठून ओलांडतं हे मोजायला मोठ्या शहरातून माणूस आणायची गरज नाही. गुराख्याला विचारा. करंजाळीकर, तुमच्याकडच्या म्हाताऱ्यांना घेऊन बसा, ते एका दुपारी सगळ्या वाटा सांगतील.

त्या मोरीचं म्हणाल तर स्वतःच जाऊन उकरू नका, साप असतील आणि जागाही रस्त्यावाल्यांची आहे. ग्रामपंचायतीचं पत्र घ्या, वनरक्षकाला सोबत घ्या, दिवसा करा. मी येतो.

रानवाट_नाशिक
काका कधी येता सांगा. मी पत्राचा मसुदा करतो.

पंचवटी_ट्रान्सपोर्ट
रविवार असेल तर मी पण. फावडी, घमेली माझ्याकडे आहेत, गाडी पण.

रानवाट_नाशिक
सांगायचं राहिलं होतं म्हणून धागा वर आणतोय, पाच आठवडे झाले.

पत्र मिळायला वेळ गेला पण मिळालं. आम्ही नऊ जण होतो, वनरक्षक, वनपाल काका, पंचवटी, करंजाळीकर आणि त्यांच्या पाड्यावरचे चौघं. सकाळी आठ ते दुपारी दोन. गाळ, खडी आणि एकोणीस गोणी प्लॅस्टिक निघालं. सिडकोवाल्यांनी फोनवर सांगितलं तसं बाहेरच्या तोंडाशी दगड रचून उतार केला, पायरी गेली. आत उजव्या बाजूने दगडांचाच एक कट्टा केला, कच्चा आहे पण आहे. बारा वाजता पलीकडचा उजेड दिसला तेव्हा पाड्यावरचे एक बाबा म्हणाले, लहानपणी आम्ही इथूनच शेळ्या न्यायचो.

करंजाळीकरांच्या ग्रामसभेचा पाड्याच्या रस्त्याचा ठरावही झाला, सह्यवेडी ताई दोनदा जाऊन आल्या.

वनपाल काकांनी दोन्ही तोंडांशी चाळलेली बारीक माती हातभर रुंद पसरून ठेवायला लावली होती. पहिल्या दोन सकाळी फक्त कुत्रं आणि एक खेकडा. तिसऱ्या दिवशी सायाळ, तिच्या मागे शेपटीच्या काट्यांनी ओढलेल्या रेघा. मुंगूस तर रोजच. काल सकाळी करंजाळीकरांनी फोटो पाठवला, लहान पंजे, पाच बोटं. मांजराला चारच उमटतात. मी काकांना पाठवला, त्यांचा लगेच फोन आला, म्हणाले उदमांजरच आहे, एक मोठं, आणि त्याच्या शेजारी बघ, झूम कर, दुसरा एक बारका पंजा आहे.